पित्ताशय किती वेळा काढतात?

२०१८ च्या गणपतीच्या रथाच्या दिवशी तासगावात ताईच्या घरी पंचवीस-तीस माणसं जेवायला होती. ताई आठवड्यापूर्वीच दवाखान्यातून घरी आलेली, पोटावर चार छोट्या पट्ट्या, कॉटवर उशीला टेकून बसलेली. मोठ्या मामी हात धुऊन आल्या, तिच्याशेजारी बसल्या आणि पार ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, तुझं पित्ताशय गेल्या साली काढलं हुतं न्हवं? मग ह्या वक्ताला काय काढलं?"

दाजींनी एकदम पंख्याकडे बघितलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाले. ताई मात्र शांतपणे म्हणाली, "थोडं राहिलं होतं, मामी."

ही गोष्ट आज ताईची परवानगी काढून लिहिते आहे. "लिही," म्हणाली, "फक्त माझं नाव नको, आणि ह्यांचं तर मुळीच नको."

तर, जून २०१७ मध्ये ताईचं जे काढलं ते पित्ताशय नव्हतं, जठर होतं. पूर्ण नाही, पाऊण. वजन उतरवायच्या ह्या ऑपरेशनला स्लीव्ह म्हणतात. जठराची पिशवी उभी कापून बाहेरच्या बाजूचा मोठा भाग काढून टाकायचा आणि केळ्याच्या आकाराची एक नळी ठेवायची. अजूनही लोकांना वाटतं की ह्यात मशीन लावून चरबी ओढून काढतात. चरबीला हातही लावत नाहीत.

ताई तेव्हा ४३ वर्षांची. उंची पाच फूट एक इंच, वजन ११२ किलो. शुगरच्या तीन गोळ्या चालू आणि तरी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ९ च्या वर. रात्री झोपेत श्वास अडकायचा, घोरणं मध्येच थांबायचं, आणि त्या शांततेने दाजींना जाग यायची. ते तिला हलवायचे, मग पुन्हा घोरणं सुरू. तिच्या घराला गच्ची आहे, तिथून बागा दिसतात. चार वर्षं ती गच्चीवर गेली नव्हती. वाळवणं शेजारणीकडून घालून घ्यायची.

ऑपरेशन पुण्यात, मुक्काम माझ्याकडे चिंचवडला. आधी पंधरा दिवस फक्त पातळ खायचं: ताक, सूप, प्रोटीनची पावडर. मला वाटलं, पोट रिकामं ठेवायला असेल. तसं नव्हतं. इतक्या वजनाच्या माणसाचं यकृत चरबीने सुजलेलं असतं आणि ते जठरावर झाकणासारखं येतं. पंधरा दिवसांत ते आकसलं की दुर्बिणीला आत जायला वाट मिळते. ताई म्हणायची, बाळंतपणातसुद्धा इतका राग आला नव्हता.

ऑपरेशन संपल्यावर आम्हाला आत बोलावलं. सर्जनने हिरव्या कापडावर ठेवलेला स्टीलचा ट्रे पुढे केला. त्यात काढलेलं जठर होतं. मला काहीतरी मोठं, भयंकर दिसेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात एक ओली, गुलाबी-करडी पिशवी, एका कडेने बारीक पिनांची रांग, जशी वहीला असते तशी. आणि अगदी साधारण. डॉक्टर म्हणाले, ह्या भागात भुकेचं संप्रेरक तयार होतं, घ्रेलिन. जपानमध्ये १९९९ साली सापडलं. हा भाग गेला की नुसतं कमी मावतं असं नाही, भूकच कमी लागते. दाजी ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. द्राक्षाच्या बागेत आयुष्य काढलेला माणूस, सापाला न घाबरणारा, पण ट्रेकडे बघून त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

खर्च साडेतीन लाख. तेव्हा ताईच्या विमा पॉलिसीत लठ्ठपणाचं काहीही चालत नव्हतं. त्या वर्षीची बेदाण्याच्या विक्रीची पट्टी आली ती तशीच्या तशी दवाखान्यात गेली.

पित्ताशयाची कल्पना आईची. "लोक म्हणतील, खाऊन खाऊन फुगली आणि आता पोट कापून घेतलं," असं ती म्हणाली. पित्ताशयाच्या दुखण्यात कुणाची अब्रू जात नाही. ते बिचारं आपणहून बिघडतं. म्हणून ठरलं, विचारलं की पित्ताशय सांगायचं. सगळ्यांना पाठ करून दिलं, अगदी ताईच्या आठवीतल्या मुलाला सुद्धा.

मग ते दिवस. औषधाच्या बाटलीवरचं ३० मिलीचं प्लास्टिकचं माप असतं ना, ते घेऊन ताई माझ्या हॉलमध्ये बसायची. त्यात मुगाचं कढण. एक घोट, मग घड्याळाकडे बघायचं, मग दुसरा घोट. एक माप संपवायला पंधरा मिनिटं. घाई केली की छातीत दगड अडकल्यासारखं व्हायचं आणि तोंडात फेसकट पाणी यायचं. ज्या बाईने उभ्या उभ्या चार भाकऱ्या खाऊन कामाला लागायची सवय तीस वर्षं बाळगली, ती बाई मापातलं कढण चमच्याने खात होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गंमत सांगू? मला खरंच भूक नाही. मला नुसती आठवण येतीय."

शुगरच्या गोळ्या वजन उतरायच्या आधीच कमी झाल्या, दवाखान्यातून निघतानाच. चार महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळाले, मग परत आले. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे कायमचं मागे लागलं. दीड वर्षात ती ७१ किलोवर आली. आज ७९ आहे, शुगरची एक छोटी गोळी परत सुरू झाली आहे, पण ती गच्चीवर जाते.

पित्ताशयाचं पुढे असं झालं. वजन भराभर उतरलं की पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं आणि खडे होतात. हे डॉक्टरांना ठाऊक असतं, म्हणून पहिले सहा महिने एक गोळी देतात. ताईने ती दोन महिन्यांनी बंद केली. कारण काय, तर "मला पित्त होतच नाही." ऑगस्ट २०१८ मध्ये रात्री दोन वाजता उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की ती जमिनीवर लोळली. सोनोग्राफीत खडेच खडे. त्यामुळे जे वर्षभर खोटं सांगितलं होतं ते खरं करायला पुन्हा टेबलावर चढावं लागलं, आणि आता ते कुणाला सांगायची सोय उरली नव्हती.

मी हे सगळं जवळून बघितलं, तिचं कढण मीच करत होते, आणि तरी मनातल्या मनात मी स्वतःला तिच्यापेक्षा शहाणी समजत होते. मी काही ११२ किलोची नव्हते. मी ८८ ची होते आणि माझं "जरा वाढलंय" होतं.

माझं आधीचं थोडक्यात उरकते. मुलगी झाल्यावर, २००८ च्या सुमारास, गल्लीतल्या एका डॉक्टरांनी सिब्युट्रामीनच्या कॅप्सूल दिल्या. भूक कमी झाली, पण जिना चढताना छाती अशी धडधडायची की शेजारच्या फ्लॅटला ऐकू जाईल असं वाटे. मी सोडल्या. २०११ मध्ये हृदयाच्या धोक्यामुळे ते औषध भारतात बंदच झालं. नंतर दीक्षित डाएट, दिवसात दोनदाच जेवण आणि तेही ५५ मिनिटांत. नऊ किलो उतरलं. मग सासरे आजारी पडले, दवाखान्याच्या पायऱ्यांवर वडापाव सुरू झाला, अकरा वाढलं. मग कुणीतरी म्हणालं दिवेकरांचं करून बघ, थोडं थोडं दर दोन तासांनी, तूप खाऊन. तेही मनापासून केलं. दोन्ही बाजूंच्या लोकांनी रागावू नये, दोष त्यांचा नाही. मी ज्या चिकाटीने दोन्ही केलं त्या चिकाटीने एमपीएससी केली असती तर आज तहसीलदार असते.

आणि ऑर्लिस्टॅट. ही गोळी खाल्लेल्या तेलातुपातला सुमारे ३० टक्के भाग आतड्यात शोषूच देत नाही. मग तो भाग जातो कुठे, हा विचार मी केला नव्हता. एका शनिवारी अर्धा दिवस ऑफिस, सकाळी मैत्रिणींनी मिसळीला ओढून नेलं, वर तर्री घेतली, आणि मी पिवळट रंगाचा सलवार-कुर्ता घातला होता. पुढचं सांगत नाही. गोळी कशी काम करते हे मात्र कायमचं समजलं.

आता ऑफिसचं. मी आरोग्य विम्याच्या क्लेम खात्यात काम करते, सतरा वर्षं झाली. नाव लिहीत नाही. दवाखान्यातून प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज येतो, आम्ही कागद तपासतो, क्वेरी टाकतो, पास करतो किंवा नाही करत. २०१९ साली विमा नियामक इर्डाने सगळ्या कंपन्यांसाठी वगळायच्या गोष्टींची भाषा एकसारखी करून दिली. त्यात लठ्ठपणाचा कोड आहे ०६. त्याचा अर्थ असा की लठ्ठपणाची शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नाही, पण अटी आहेत. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय किमान १८ हवं, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा जास्त हवा. किंवा ३५ आणि सोबत गंभीर काहीतरी: हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, आटोक्यात नसलेली शुगर. ताईच्या वेळी हे असतं तर बेदाणा वाचला असता.

तीन वर्षांपूर्वी एक केस आली. पुरुष, वय ३८, उंची १७२ सेंटीमीटर, वजन १०२ किलो ४०० ग्रॅम. शुगर अजिबात आटोक्यात नाही, इन्सुलिन चालू. सगळे कागद व्यवस्थित. बीएमआय ३४.६. मी कोड ०६ लावला, दोन ओळी टाइप केल्या आणि पुढची फाइल उघडली. दुपारी त्या माणसाचा फोन कसा कोण जाणे माझ्याच डेस्कला जोडला गेला. आवाज चढलेला नव्हता. त्याने गणित केलेलं होतं. "मॅडम, म्हणजे मी सव्वा किलो वाढवून परत आलो तर पास होईल का?"

असं काही फोनवर सांगता येत नाही, हे उत्तर आम्हाला शिकवलेलं आहे. मी ते दिलं.

त्या दिवशी डबा खाताना मला तो सव्वा किलो दिसत राहिला. सव्वा किलो म्हणजे चितळ्यांच्या बाकरवडीचे अर्धा अर्धा किलोचे दोन पुडे आणि वर थोडा चिवडा. एवढं त्याच्या अंगावर जास्त असतं तर तो आजारी होता. नव्हतं, तर तो खादाड होता. रेष कुठेतरी ओढावी लागते, हे सतरा वर्षं क्लेममध्ये काढल्यावर मला कुणी सांगायला नको. पण त्या रेषेच्या अलीकडे नुसता दोष आणि पलीकडे नुसता आजार, असं शरीर कुठे असतं?

बीएमआय ह्या आकड्यावरचा माझा विश्वास घरीच उडाला. माझा नवरा ६४ किलोचा, उंची १६८. बीएमआय २२.७, एकदम नॉर्मल. हात-पाय काडीसारखे आणि मध्ये एक माठ. तो माझ्या ताटाकडे बघून "पुरे आता" म्हणायचा. २०२५ च्या मे महिन्यात माझी तीन महिन्यांची शुगर ७.८ आली तेव्हा मी त्यालाही ओढून लॅबमध्ये नेलं. त्याची ६.३. म्हणजे मधुमेहाच्या दारात उभी. घरी येऊन शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि त्याची कंबर मोजली: ९४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषाला ९० च्या वर गेली की धोका, बायकांना ८०. तो म्हणाला, टेप जुनी आहे.

संप्रेरकांच्या डॉक्टर, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट मॅडमना हे सांगितलं तर त्या हसल्या आणि एका फोटोची गोष्ट सांगितली. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन ह्या दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. आपण दिसायला बारीक आणि आतून जाडे. म्हणूनच आपल्यासाठी लठ्ठपणा ३० ला नाही, २५ ला सुरू होतो. घरी येऊन हे मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

माझा स्वतःचा आकडा त्या दिवशी होता ९१ किलो, उंची १५८, बीएमआय ३६.५. शुगर आटोक्यात नाही. म्हणजे कोड ०६ च्या अटीत मी बसत होते. ऑपरेशन करायचं ठरवलं असतं तर बहुधा पास झालं असतं. मॅडमनी तेही समोर ठेवलं, आणि इंजेक्शनही. मी इंजेक्शन घेतलं. कारण विचाराल तर वैद्यकीय वगैरे काही नाही. मला तो स्टीलचा ट्रे आठवला.

माझ्या इंजेक्शनचं औषध टिर्झेपटाइड. भारतात ते मार्च २०२५ मध्ये मौंजारो नावाने आलं. जेवल्यावर आतडी काही संप्रेरकं सोडतात, त्यातली दोन म्हणजे जीएलपी-१ आणि जीआयपी. ती मेंदूला "झालं जेवण" असं कळवतात, जठर सावकाश रिकामं होऊ देतात, साखर वाढली असेल तर इन्सुलिन सोडायला लावतात. शरीरातलं जीएलपी-१ दोन-चार मिनिटांत विरघळून जातं. औषधात त्याची अशी नक्कल केली आहे की ती आठवडाभर टिकते. एवढंच. आईला व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलं की हे पालीच्या विषाचं इंजेक्शन आहे, आणि तिने सकाळी सहाला फोन केला. ते अगदीच खोटं नाही. अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत जीएलपी-१ सारखं पण जास्त टिकणारं एक द्रव्य १९९२ मध्ये जॉन इंग नावाच्या डॉक्टरांना सापडलं, आणि त्यावरून ह्या घराण्यातलं पहिलं औषध २००५ मध्ये बाजारात आलं. माझ्या औषधाचा त्या सरड्याशी थेट संबंध नाही, ते माणसाच्याच संप्रेरकावरून बेतलेलं आहे. आईला हे सांगितलं. ती अजूनही विचारते, "आज पालीचं घेतलंस का?"

सुरुवातीच्या तपासण्यांत मॅडमनी सोनोग्राफी लिहिली. पित्ताशय स्वच्छ. रिपोर्ट मी ताईला पाठवला. तिने हात जोडलेले पाठवले.

रविवारी सकाळी, अंघोळ झाल्यावर. फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कुप्या ठेवते, दारात ठेवायच्या नाहीत. अर्धा मिली औषध सिरिंजमध्ये ओढायचं, बुडबुडा टिचकीने वर आणायचा, बेंबीपासून चार बोटं सोडून पोटाची वळी चिमटीत धरायची. पहिल्या रविवारी मी वीस मिनिटं पलंगावर सिरिंज हातात धरून बसले होते. शेवटी नवरा म्हणाला, मी टोचू का? त्या भीतीने लगेच टोचून घेतलं. मुंगी चावल्याइतकंही नाही.

पहिले चार आठवडे अडीच मिलीग्रॅम, एक कुपी तेव्हा ३,५०० रुपये. मग पाच मिलीग्रॅम, एक कुपी ४,३७५. महिन्याला चार कुप्या, हिशोब तुम्हीच करा. सप्टेंबरात औषधांवरचा जीएसटी १२ चा ५ झाला तेवढाच दिलासा. विम्यात ह्यातला एक रुपयाही नाही. लाखांचं ऑपरेशन चालतं, हे चालत नाही. मी क्लेममध्ये आहे, का चालत नाही ते मला पाठ आहे, आणि तरी महिन्याच्या सुरुवातीला मेडिकलवाल्याला पैसे देताना ते पटत नाही.

काय बदललं, हे मला दिवाळीत समजलं. दरवर्षी चकलीची भाजणी भिजवली की मी चिमूटभर तोंडात टाकते, पहिला घाणा निघाला की एक मोडते, मग तुटकी म्हणून दुसरी, मग गरम आहे म्हणून तिसरी. ह्या वेळी दोन किलोच्या चकल्या तळून डबे भरले, झाकणं लावली, ओटा पुसला. संध्याकाळी मुलीने पहिली खाल्ली आणि म्हणाली, "आई, मीठ?" वीस वर्षांत पहिल्यांदा मीठ विसरलं होतं, कारण मी एकदाही चाखलंच नव्हतं. मी काही ताबा वगैरे ठेवला नव्हता. ते सुचलंच नाही. ओट्याजवळ उभी राहून मला जरा रडू आलं. मीठ विसरल्याचं नाही. इतकी वर्षं बाकीच्या बायका अशाच चकल्या तळत होत्या की काय, ह्याचं.

त्रास झालाच. पहिल्या महिन्यात अंड्याच्या वासाचे ढेकर, ऑफिसच्या लिफ्टमध्ये सुद्धा. बद्धकोष्ठता इतकी की इसबगोलाचा डबा टेबलावर आला. कोजागिरीला मसाला दूध कपभर घेतलं आणि गच्चीवरून खाली येईपर्यंत उलटी. वजनाबरोबर मांसही उतरतं, म्हणून मॅडमनी रोज ७० ग्रॅम प्रथिनं आणि रबरी पट्ट्यांचा व्यायाम सांगितला. तो मी आठवड्यातून चारदा करते, असं मॅडमना सांगते. शुगरवाल्यांचं वजन जरा कमीच उतरतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. ऑक्टोबरअखेर मी ९१ वरून ८२.५ वर होते, शुगर ६.१.

नोव्हेंबरात मुलीच्या हॉस्टेलची आणि क्लासची फी एकदम आली. म्हटलं, दोन महिने थांबू. तिसऱ्या आठवड्यात, रात्री साडेदहाला, झोपायला जाताना डोक्यात शेंगदाण्याचा लाडू आला. मग तो गेलाच नाही. डिसेंबरअखेर सव्वातीन किलो परत. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की सेमाग्लुटाइड ह्या माझ्या औषधासारख्याच दुसऱ्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ज्यांनी औषध थांबवलं त्यांचं उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं. शिवाय अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर त्यांचं शरीर बसल्या बसल्या अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. शरीर जुना आकडा विसरत नाही, परत मिळवायला बघतं. जानेवारीत मी पुन्हा अडीचपासून सुरू केलं.

"किती दिवस घ्यायचं गं हे?" सासूबाईंनी विचारलं. सकाळची वेळ, त्या चहाच्या आधी स्ट्रिपमधून आपली बीपीची गोळी अंगठ्याने दाबून काढत होत्या. अम्लोडिपिन, सतरा वर्षं झाली. मी काही बोलले नाही, त्यांच्या हाताकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग गोळी तोंडात टाकून म्हणाल्या, "हे वेगळं. हे आजाराचं आहे."

मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपणार, मग बऱ्याच कंपन्या ते काढतील, स्वस्त होईल, अशी तेव्हा ऑफिसात चर्चा होती. म्हटलं, झालं तर मॅडमना विचारून तिकडे वळेन. नाही तर पुन्हा फीच्या महिन्यात काय करायचं ते बघावं लागेल.

ह्या महिन्यात तासगावला लग्न होतं, मामांच्या नातवाचं. पंगतीनंतर आम्ही बायका मंडपाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो होतो. मोठ्या मामी आता सत्तरीच्या पुढे, आवाज तोच. माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाल्या, "बारीक झालीस की गं. काय केलंस? शुगर वाढली का काय?"

मी तोंड उघडलं होतं, थायरॉइड म्हणणार होते. शेजारून ताई म्हणाली, "इंजेक्शन घेतीया ती, मामी, वजनाचं. आणि माझं २०१७ ला पित्ताशय नव्हतं काढलं. पोट कापून लहान केलं होतं. पित्ताशय पुढच्या साली."

पाच-सहा जणी एकदम गप्प. कुणीतरी बांगड्या मागे सारल्या. मामींनी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पदराने तोंड पुसलं. "मला वाटलंच हुतं," एवढंच म्हणाल्या आणि उठून विड्याच्या ताटाकडे गेल्या.

निघताना मी गाडीत बसत होते तर मामी मंडपाच्या मागून आल्या. एकट्याच. इकडे तिकडे बघून खिडकीत वाकल्या. "त्या पुण्याच्या डॉक्टरीणबाईचा नंबर दे. माझ्यासाठी न्हवं, आमच्या धाकटीसाठी. आणि हे बघ, कुणाला बोलू नगंस."

मी नंबर सांगितला. त्यांनी चष्मा कपाळावर सारून एकेक आकडा दाबला आणि नाव टाकायला नातीला बोलावलं.

"काय नाव टाकू, आज्जी?"

"टाक," मामी म्हणाल्या, "पित्ताचे डॉक्टर."